काड्या वेचणारे हात

१

खेकड्याचं कवच, बांबूची बासरी, रबरी उंदीर आणि कापडी झगा घातलेली एक बाहुली. कोशाच्या कचेरीत खिडकीजवळच्या लांबट टेबलावर हा पसारा मांडलेला असे. नवा माणूस आत आला की आपण चुकून पाळणाघरात शिरलो असं त्याला वाटे. पण तिथे इंग्रजी वैद्यकीय शब्दांचा मराठी कोश तयार होत होता आणि तो पसारा म्हणजे संपादकबाईंचा हट्ट होता. शब्दाच्या मुळाशी जी वस्तू असेल ती आधी टेबलावर आणून ठेवायची, मगच व्युत्पत्ती छापायला जायची. 'कॅन्सर'च्या मुळाशी खेकडा, म्हणून कवच. नडगीचं हाड 'टिबिया', लॅटिनमध्ये तीच बासरी. 'मसल' म्हणजे मुळात छोटासा उंदीर, आणि डोळ्यातली बाहुली तर लॅटिनमध्येही बाहुलीच.

"मूळ हातात धरता आलं पाहिजे," बाई म्हणत. "हातात धरता येत नाही ती व्युत्पत्ती नव्हे, थाप आहे."

व्युत्पत्त्या लिहायचं काम धाकट्याकडे होतं. धाकट्याची पन्नाशी कधीच उलटली होती, डोक्यावरचे केस निरोप घेऊन गेले होते, पण त्याची ताई कचेरीत फोन करून "धाकटा आहे का?" असं विचारी, त्यामुळे सगळे त्याला पाठीमागे धाकटाच म्हणत. काहीजण तोंडावरही म्हणत. त्याला त्यात काही वाईट वाटत नसे. आई गेली तेव्हा तो शाळेत होता आणि ताई नुकती विशीत आली होती. तिने शिवणयंत्र घेतलं, लोकांच्या कपड्यांची उसवाउसवी आणि दुरुस्ती करत त्याला शिकवलं, स्वतःचा संसार मांडायचं राहून गेलं, आणि याचाही राहिला. आता दोघं एकमेकांना धरून होती. ताई नसती तर या माणसाला आपला टॉवेल कुठे असतो तेही कळलं नसतं.

त्या आठवड्यात त्याच्या वाट्याला आलेला शब्द होता 'कार्फॉलॉजी'. डॉक्टर लोकांनाही सहसा ठाऊक नसलेला. जबर तापात किंवा शेवटच्या दुखण्यात माणूस पांघरुणावरून, कधी नुसत्या हवेतून, चिमटीने काहीतरी वेचत राहतो, त्या वेचण्याला हा शब्द. ग्रीकमध्ये 'कार्फोस' म्हणजे वाळलेली काडी आणि 'लेगेइन' म्हणजे वेचणं. जुन्या ग्रीक वैद्यांनी बजावून ठेवलं होतं, की रोग्याचे हात तोंडासमोर काही शोधू लागले, पांघरुणाचे तंतू उपटू लागले, भिंतीतून काड्या ओढू लागले, की लक्षण वाईट, माणूस हाती लागत नाही. धाकट्याने हे सगळं कार्डावर सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि खाली आपल्या पदरचं एक वाक्य जोडलं, की त्या काळी भिंती माती आणि काड्यांच्या असत.

"छान," संपादकबाई म्हणाल्या. "काडी कुठे आहे?"

काडी नव्हती. धान्याचं वाळकं देठ या शहरात आणायचं कुठून? फळवाल्यांच्या पेट्यांतसुद्धा आता कागदाच्या पट्ट्या असतात. शब्द अडून राहिला.

२

ताई न्यूमोनिया होऊन इस्पितळात गेली होती आणि आता घरी आली होती. डॉक्टरांच्या मते ती झपाट्याने सुधारत होती. दिवसभर तिच्याजवळ बसायला एक बाई येत असे. ताईने तिचं नाव 'दिवसपाळी' ठेवलं होतं, आणि बाईनेही ते बिनतक्रार घेतलं होतं.

"आज सूप सगळं प्यायल्या," दार उघडता उघडता दिवसपाळीने खबर दिली. "मला म्हणाल्या, तू चालतेस की कपाट सरकवतेस? म्हणजे बऱ्या आहेत बघा, दादा."

ती चप्पल घालून गेली. धाकटा खांद्यावरची पिशवी न काढताच ताईच्या खोलीच्या दारात आला. खोली लहानशीच. भिंतीला लागून पलंग, समोर खिडकी, कोपऱ्यात झाकण घातलेलं शिवणयंत्र. भिंतींना ताईनेच निवडलेला गुळगुळीत रंग होता, डाग पडला तर ओल्या फडक्याने पुसता यावा म्हणून. संध्याकाळचं ऊन अजून पलंगाच्या पायथ्याशी रेंगाळत होतं.

ताई डोळे मिटून पडली होती आणि तिचा उजवा हात काम करत होता. अंगठा आणि तर्जनी छातीवरच्या चादरीपाशी जात, काहीतरी चिमटीत धरत, अलगद वर ओढत, पलंगाच्या कडेबाहेर नेऊन सोडून देत. मग पुन्हा छातीवर. घाई नव्हती, चाचपडणं नव्हतं.

आठवडाभर धाकट्याने जे कार्डावर लिहून ठेवलं होतं ते समोर चाललं होतं. ताई जाणार. दुसरं काही त्याच्या मनात येईना. ताई जाणार आणि या घरात आपण एकटे उरणार.

मग त्याने स्वतःला समजावलं. शिकलेली माणसं हे काम फार लवकर करतात. जन्मभर तिने उसवलेल्या शिवणीतून दोरे काढले, हातांना तीच सवय, झोपेतही चालू. त्यात कसली ग्रीक अन् कसलं काय! तो जवळ गेला, तिचा हात धरून चादरीवर ठेवायला वाकला, आणि त्याच्या पायाखाली काहीतरी मोडलं.

जमिनीवर काडी होती. एक तिच्या मुठीतही होती. पिवळीधमक, चकचकीत, आतून पोकळ, आणि दोन्ही टोकांना दाताने तोडल्यासारखी.

कुठून आली? झाडू प्लास्टिकचा. गादी कापसाची. खिडकीला जाळी. एखादा पक्षी जाळीतून चोच घालत असेल, दिवसपाळीच्या पिशवीतून पडली असेल. असेल काहीतरी. तो वाकून काडी न्याहाळत राहिला, आणि लपवण्यात अर्थ नाही, त्याला आनंद झाला. पलंगावर बहीण झोपेत हात चालवत होती आणि हा गृहस्थ मनात म्हणत होता, अडलेला शब्द सुटला. शब्दांच्या मागे लागलेली माणसं अशीच असतात. त्याने तिची बोटं एकेक करून उघडली, मुठीतली काडी काढून घेतली आणि खिशात जपून ठेवली. ताईची बोटं रिकाम्या हवेत क्षणभर तशीच राहिली, मग छातीकडे वळली.

३

"अरे वा!" संपादकबाईंनी काडी उजेडात धरून पाहिली. "कुठे मिळाली?"

"घरीच सापडली."

"नशीबवान आहात." त्यांनी ती टेबलावर बाहुली आणि बासरीच्या मधोमध ठेवली आणि कार्ड वाचायला घेतलं. वाचता वाचता त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हे भिंतींचं वाक्य काढा."

"का? काडी कुठून येते ते सांगायला नको?"

"अहो, सिमेंटच्या इस्पितळात पडलेले रोगीही हेच करतात. ज्यांनी जन्मात मातीची भिंत पाहिली नाही तेही. मग भिंतीचा काय संबंध? रोगी वेचतो एवढं शब्द सांगतो. घालतं कोण ते शब्दात नाही." आणि आपल्याच विनोदावर त्या हसल्या.

धाकट्याने वाक्यावर रेघ मारली. रेघ मारताना त्याला उगीचच अस्वस्थ वाटलं. काडी येते कुठून, याला आधार देणारं तेवढंच एक वाक्य होतं.

संध्याकाळी निघताना त्याने टेबलाकडे सहज नजर टाकली. काडी जागेवर नव्हती. शोधली तेव्हा सापडली. बाहुलीच्या झग्यात, अगदी गळ्यापाशी, ती कापडाच्या विणीत वरखाली ओवलेली होती. इतकी नीट, की कापड कुठे ओढलं गेलं नव्हतं. कचेरीत वात्रट माणसांचा तोटा नव्हता. कुणाला तरी दुपारी काम नसावं. तो बळेच हसला, काडी ओढून काढायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. उशीर होत होता, असं त्याने स्वतःला सांगितलं.

४

"आलास? ही चादर बदल आधी," ताई जागी होती. आवाज खोल गेला होता, पण धार तीच.

"सकाळीच बदलली, ताई."

"मग चादरीचा दोष नाही." तिची बोटं बोलता बोलताही चालू होती. "टोचतंय रे. मी एक काढते तोवर दोन घालतंय."

"काय घालतंय? कोण घालतंय?"

"मला काय माहीत कोण! दिसलं असतं तर नाव-गाव विचारलं नसतं का मी?" ती थोडा वेळ दम खात पडून राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर एक विचित्र भाव आला. चांगल्या कारागिराचं काम पाहिल्यावर तिच्या चेहऱ्यावर येई तसा. "पण हात बसलेला आहे हं. टाका कसा सरळ रेषेत घालतंय. घाई नाही, गडबड नाही. अशी कारागीर मला हाताखाली मिळाली असती तर!"

धाकट्याने ऐकून घेतलं. तापात माणूस बरळतं हे त्याला ठाऊक होतं. तिचं कपाळ तव्यासारखं तापलं होतं. पण ती बरळताना दिसत नव्हती. त्याने काल जेवताना काय टाकलं तेही तिला आठवत होतं आणि त्यावरून तिने त्याला चार शब्द सुनावलेही. पलंगाच्या कडेला जमिनीवर पाहायचं त्याने टाळलं. दिवसपाळी जाताना कुरकुरली होती, की या खोलीत दर तासाला केर काढावा लागतो, तुम्ही पक्षी पाळलाय का?

डॉक्टर आले. ताप उलटला होता. त्यांनी सलाईन लावलं, त्यातून औषध सोडलं, आणि ते हात धुवून येईपर्यंत ताईने सुई उपटून टाकली होती. सुईवर तिचा राग नव्हता. ती हाताच्या आड येत होती एवढंच.

दुसऱ्यांदा लावली, दुसऱ्यांदा निघाली. चादरीवर रक्ताचा डाग पसरला.

"असं चालणार नाही," डॉक्टर म्हणाले. "औषध अंगात गेलं नाही तर उद्या मला बोलावू नका. तापात करतात पेशंट असं. त्याला काहीतरी अवघड नावही आहे."

"आहे," धाकटा म्हणाला.

"तर मग इस्पितळात हलवा, तिथे हात बांधतीलच. नाहीतर इथे तुम्ही बांधा. मऊ बँडेज घ्या, फार आवळू नका. एका रात्रीचा प्रश्न आहे."

५

बँडेजची गुंडाळी घेऊन तो पलंगाशी बसला तेव्हा ताईला सगळं समजलं. तिने ओरडाआरडा केला नाही. धाकट्याला वाटलं होतं ती त्याला बोल बोल बोलेल. आपण ते ऐकून घेऊ आणि काम उरकू, अशी त्याने मनाची तयारी केली होती.

"पाय बांध," ती म्हणाली. "तोंड बांध हवं तर, एवीतेवी तुम्हाला माझ्या तोंडाचाच त्रास. हात नको."

"औषध जायला हवं ना, ताई? उद्या सोडतो."

"उद्या सोडायला काय उरणार आहे? धाकट्या, ऐक. मी काढतेय तोवर बरं चाललंय. पुरं पडत नाही, पण चाललंय. कधी मागितलंय मी तुझ्याकडे काही?"

मागितलं नव्हतं. त्याला शिकवताना नाही, त्याच्या आजारपणात यंत्र गहाण टाकताना नाही, कधीच नाही. त्याचे डोळे भरून आले. आणि भरल्या डोळ्यांनी त्याने तिचं उजवं मनगट पलंगाच्या कडेला बांधलं. मग डावं.

औषधासाठी बांधले, असं तो पुढे स्वतःला सांगत राहिला. ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं. त्याला ते वेचणं बघवत नव्हतं. त्या वेचण्याला नाव होतं, ते नाव त्याला ठाऊक होतं, नावाच्या पोटात काय आहे तेही त्यानेच स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. हात थांबले की ताई पुन्हा नुसती ताई होईल, कार्डावरचा शब्द राहणार नाही, असं काहीतरी वेडगळ त्याच्या मनाने घेतलं होतं. त्याने गाठ तपासली, जराशी आवळली.

ताईने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडली. चादरीवर तिची बोटं थोडा वेळ बंद-उघड होत राहिली, पोचायचं तिथे न पोचता.

६

दुसऱ्या दिवशी ताप उतरला.

"बघा, किती शांत झोपल्यात," दिवसपाळी म्हणाली. "आणि केरही नाही आज." डॉक्टरांनी फोनवर शाबासकी दिली आणि सलाईन संपेपर्यंत हात बांधलेलेच राहू द्या म्हणाले. धाकट्याचा जीव भांड्यात पडला. त्याने कचेरीत कळवलं, रजा टाकली, आणि दुपारी दिवसपाळी बाहेरच्या खोलीत डुलक्या घेत असताना तो ताईजवळ खुर्ची टाकून मुद्रितं तपासत बसला. खोलीत लख्ख ऊन होतं. अशा उन्हात कुणाला कसली भीती वाटणार?

कुठेतरी सळसळ होत होती. अगदी बारीक, कोरडी. थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. त्याला आधी वाटलं आपल्या हातातले कागद. त्याने कागद मांडीवर ठेवले. सळसळ चालूच होती. पंखा असेल, तो उठून बंद केला. शेजारी कुणी काही गुंडाळत असेल. त्याने भिंतीला कान लावला. भिंत गार आणि गुळगुळीत होती, तिच्यात काही नव्हतं. आवाज त्याच्या पाठीमागून येत होता, पलंगावरून.

तो वळला. ताई तशीच भिंतीकडे तोंड करून पडली होती. पण चादर रात्रीपेक्षा वर उचललेली वाटत होती, जणू आत आणखी एक पांघरूण घातलं असावं. आणि इतका वेळ ती एका शब्दानेही बोलली नव्हती. झोपेतसुद्धा कण्हणारी बाई.

"ताई? चहा टाकू?"

तिने डोळे उघडले. डोळे जागे होते, पुरते जागे, कधीपासून जागे होते कोण जाणे. ओठ हलले, उघडले मात्र नाहीत. ओठांच्या कोपऱ्यातून काडीचं पिवळं टोक बाहेर आलेलं होतं.

त्याने ते चिमटीत धरलं आणि ओढलं. काडी येऊ लागली. येत राहिली. वीतभर आली तरी संपेना. मग ती थांबली. आणि पलीकडून ओढली गेली. हिसका नव्हता. कुणीतरी आपलं काम शांतपणे परत मागावं तशी. त्याच्या बोटांतून सरकत ती पुन्हा आत गेली.

तो गाठी सोडू लागला. एक सुटली, दुसरी दातांनी सोडवली. "काढ, ताई," तो पुटपुटत होता. "चुकलं माझं. काढ, काढ सगळं." तिच्या हातांना वाट करून द्यायला त्याने चादरीचं टोक गळ्यापासून खाली ओढलं.

एकच क्षण. ऊन नेमकं तिथेच पडलं होतं. सरळ रेषेतले टाके, ओळीखाली ओळ, कुठे फट नाही. आणि सगळ्यात वरच्या ओळीत एक काडी अजून हलत होती, आत शिरत होती. त्याने चादर टाकून दिली.

ताईचा उजवा हात वर आला. किती कष्टाने आला ते त्याला दिसत होतं. तो वाट पाहत राहिला, हात आता छातीकडे वळेल म्हणून. हात त्याच्याकडे आला. अंगठा आणि तर्जनी त्याच्या शर्टाच्या कॉलरपाशी आली, काहीतरी चिमटीत धरलं, अलगद ओढून काढलं, आणि पलंगाच्या कडेबाहेर नेऊन सोडलं. जमिनीवर टप् असा हलका आवाज झाला. पुन्हा हात त्याच्या गळ्याशी आला, शोधू लागला, सापडलं, ओढलं. ते अर्धवट निघालं असताना बोटं सुटली. हात त्याच्या मांडीवर पडला आणि मग तो नुसता हात होता.

धाकटा बसून राहिला. रडू येत होतं, पण त्याआधी गळ्याशी टोचलं. त्याने ताईने अर्धवट सोडलेलं टोक धरून ओढून काढलं. लगेच दुसऱ्या बाजूला टोचलं. तेही काढलं. मग खांद्यापाशी, मग पाठीत, जिथे हात पोचत नाही तिथे.

दिवसपाळी आत आली. तिने पलंगाकडे पाहिलं आणि काय झालं ते तिला समजलं. या कामात तिने असं बरंच पाहिलं होतं. तिने पुढे होऊन चादर ताईच्या चेहऱ्यावर ओढली, झाकण्यापुरतीच. मग तिचं लक्ष धाकट्याकडे गेलं. तो दोन्ही हातांनी स्वतःच्या छातीवरून काहीतरी वेचत होता, बाजूला टाकत होता.

"दादा, नका असं करू," ती कळवळून म्हणाली. "अहो, असं नाही करायचं."

ती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिने त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले. तिच्या हातांत ताकद होती, जड माणसं उचलून उलटी-पालथी करण्यात तिचा जन्म गेला होता. त्याने हात ओढले. तिने आणखी घट्ट धरले. त्याला सांगायचं होतं. त्याने तोंड उघडलं, पण जिभेच्या मुळाशी काहीतरी आडवं आलं.

"रडा," दिवसपाळी मायेने म्हणत होती. "मोकळेपणाने रडा, दादा. मी आहे इथे. तुम्ही शांत होईपर्यंत मी नाही सोडायची."

आणि ती बोलल्याप्रमाणे वागली.